एक बाई, तीन नावं आणि एक 'उर्फ'

वाचकाचा प्रश्न (नावं बदलली आहेत)

वाचक ३९ वर्षांच्या, मूळच्या सोलापूरच्या, गेली १३ वर्षं न्यू जर्सीत. शाळा-कॉलेजात नाव महादेवी. २०१० मध्ये लग्न झालं, सासरी 'मानसी' नाव ठेवलं, राजपत्रात (गॅझेटमध्ये) बदल छापून पासपोर्ट त्याच नावाने काढला. आता ग्रीन कार्डाचा नंबर जवळ आला म्हणून कागद काढून बसल्या, तर महापालिकेच्या जन्मदाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी. आई तिथे गौराबाई. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि पासपोर्टात गौरम्मा. वडील एकीकडे सिद्राम, पेन्शनच्या कागदांवर सिद्रामप्पा, पासपोर्टात सिद्धाराम. पॅन माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या. मुलं दोन्ही अमेरिकेत जन्मलेली. थोरल्याच्या जन्मदाखल्यावर आईचं लग्नाआधीचं नाव बरोबर आहे, धाकटीच्या दाखल्यावर 'मानसी' आणि पुढे माहेरचं आडनाव. "या नावाची बाई कधी जन्मलीच नाही," असं त्या लिहितात.

यजमान म्हणतात, "तुमच्याकडे एका कागदावर धड नाव नाही." आईवडिलांसकट सगळ्यांची नावं गॅझेट करून एकदाची एकसारखी करून टाकावीत, असं त्यांचं मत. सोलापुरात ७१ वर्षांचे वडील कचेऱ्यांच्या चकरा मारतायत. एक एजंट 'पासपोर्टाप्रमाणे नवा जन्मदाखला' काढून द्यायला तयार आहे. सगळं एकसारखं करू का, आणि सुरुवात कुठून करू, हा प्रश्न. जाता जाता त्यांनी लिहिलंय की मावशी त्यांच्या जन्माच्या वेळी हजर होती, आणि अजूनही कुणी 'महादेवी' म्हटलं की मान वळते.

उत्तर

आधी एजंटाचं. वडिलांना आजच फोन करा आणि सांगा, त्याला एक रुपया द्यायचा नाही. तुमच्या जन्माची नोंद रजिस्टरात आहे. असलेल्या नोंदीवर दुसरी नोंद घालणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत. तो कागद उद्या अमेरिकेच्या अर्जाला लागला आणि उघडा पडला, तर जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका बसेल, आणि हा ठपका माणसाला जन्मभर त्या देशाबाहेर ठेवू शकतो. दाखल्यात नावाची जागा कोरी आहे म्हणून असं कुणाचं होत नाही.

आता 'धड नाव नाही' याबद्दल. हे वाक्य तुम्हाला लागलंय, पत्रात ते दोनदा आलंय. मी तीस वर्षं शाळेत होते. जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत जनरल रजिस्टर माझ्यापुढे असायचं. आजी नातवाचं बखोट धरून यायची. 'हेसरू?' एवढं कन्नड मला यायचं. आजी म्हणायची, 'सिद्या'. पूर्ण नाव विचारलं की ती कन्नडमध्ये बरंच काही सांगायची, रांगेतली एखादी बाई त्याचं मराठी करायची आणि मी निळ्या शाईत लिहायचे, सिद्राम. त्या नावातला 'अप्पा' मानाचा की नावाचाच, हे विचारायला सवड नसायची. मागे चाळीस पोरं उभी. जन्मतारीख माहीत नसली की एक जून. सोलापुरात एक जूनला ज्यांचे वाढदिवस असतात, त्यातले काही माझ्या हातचे आहेत.

म्हणजे वडिलांची तीन नावं ही तुमच्या माहेरचा गबाळेपणा नव्हे. घरात कन्नड, शाळेत मराठी, पासपोर्टात इंग्रजी असा प्रवास केलेल्या नावाचं असंच होतं. आपल्या ग्रामदैवतालाच कुणी सिद्धेश्वर म्हणतं, कुणी सिद्धरामेश्वर, कुणी सिद्रामेश्वर, आणि गड्ड्याच्या जत्रेला सगळे एकाच देवळात जातात. जुन्या कागदांवर गावाचं स्पेलिंग 'शोलापूर' असं आहे, नव्यावर 'सोलापूर'. तुमची पदवी २००७ ची, तिच्यावर 'सोलापूर विद्यापीठ' छापलंय. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. तुमची पदवी त्यामुळे खोटी ठरली का? विद्यापीठाने जुन्या पदव्या परत मागवून नव्याने छापल्या नाहीत. नाव बदलल्याचा कायदेशीर कागद आहे, तेवढा पुरतो.

एक गोष्ट यजमानांना माझ्या नावावर सांगा. त्यांचं नाव सगळीकडे एकच आहे, कारण लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने कुणी त्यांचं नवीन नाव लिहिलं नाही.

आता मूळ समजुतीकडे येते. तुम्ही दोघंही धरून चाललात की कागद एकसारखे असायला हवेत. तपासणाऱ्याला त्याची गरज नसते. त्याला एवढंच कळायला हवं की कोऱ्या जागेच्या दाखल्यातली ती मुलगी, दहावीची महादेवी आणि पासपोर्टातली मानसी एकच आहे. अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातच 'जन्मापासून वापरलेली इतर नावं' असा रकाना आहे. बाईचं लग्नाआधीचं नाव वेगळं असणार हे त्यांनी गृहीतच धरलंय. तो रकाना मोकळा सोडू नका, सगळी नावं लिहा. लपवलेलं नाव नंतर दुसऱ्या कागदात सापडणं हे चार नावं लिहिण्यापेक्षा कितीतरी वाईट.

म्हणून सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि आडवे रकाने आखा: कोणता दाखला, कधीचा, त्यावर तुमचं नाव कसं, आईचं कसं, वडिलांचं कसं. अक्षर न् अक्षर जसं छापलंय तसं. मग प्रत्येक फरकाला विचारा: ही चूक आहे, बदल आहे, की नुसता उच्चार? तिघांचा इलाज वेगळा आहे, आणि तुमच्या घरात सध्या तिघांना एकच औषध द्यायचं चाललंय.

महादेवीची मानसी झाली, हा बदल आहे. त्याचे दोन सांधे तुमच्याकडे आहेत, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि राजपत्र. तुम्ही लिहिलंय की राजपत्राची एकच झेरॉक्स आहे आणि तिचा कोपरा फाटलाय. मग या बाबतीत पहिलं काम तेच. शासनाच्या ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर त्या अंकाची स्वच्छ प्रत मिळते का बघा आणि दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा. तुमच्या सगळ्या फाइलीत या एका पानाइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

यजमान ज्या गॅझेटवर भिस्त ठेवून आहेत, त्याच्याबद्दलही थोडं. राजपत्रात नावांच्या यादीच्या वर एक बारीक टीप असते. तिचा मथितार्थ असा, की हा मजकूर अर्जदाराने दिलाय, कागदपत्रांची तपासणी केलेली नाही, खरेखोटेपणाची जबाबदारी शासनाची नाही. म्हणजे 'आजपासून मी हे नाव लावते' हे राजपत्र सांगतं. १९८६ मध्ये नोंदवहीत काय लिहिलं, ते त्याने बदलत नाही. बदलूही नये.

आणि वडिलांचं नाव या वयात गॅझेट करायचं? पेन्शन सिद्रामप्पा या नावावर येतेय. बँकेचं खातं त्याच नावाचं, नोव्हेंबरात हयातीचा दाखला त्याच नावाने जातो. तुमच्या फाइलीत एक ओळ सुबक दिसावी म्हणून त्यांची चालू पेन्शन अडकवायची का? शिवाय आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. ती संधी अशी उधळू नये. त्यांनी फक्त एक प्रतिज्ञापत्र करावं: सिद्राम, सिद्रामप्पा आणि सिद्धाराम ही तिन्ही नावं माझीच. कोर्टापुढच्या टायपिस्टांना 'एकच व्यक्ती असल्याचं' म्हटलं की मसुदा तयार असतो. तयार मसुद्यात मागच्या गिऱ्हाईकाचं गाव राहून गेलेलं मी पाहिलंय, तेव्हा सही करण्याआधी घरी आणून वाचा.

आईचंही असंच. गौराबाई आणि गौरम्मा यातली चूक कुठली, असं तुम्ही विचारलंय. एकही नाही. माहेरी गौरम्मा असलेली बाई दवाखान्यात गौराबाई झाली, कारण लिहिणारा मराठी होता. नोंदवहीतलं गौराबाई तसंच राहू दे. 'गौरम्मा उर्फ गौराबाई' असं त्यांचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेल. आपल्या भाषेतला हा 'उर्फ' फार गुणी शब्द आहे. सातबाऱ्यावर, खरेदीखतात, वारसनोंदीत पिढ्यान् पिढ्या तो हेच काम करत आलाय. उद्या वडिलांनी घरात तुमचा हिस्सा लावला तर तिथेही 'मानसी उर्फ महादेवी' असंच लिहून घ्या, दोन्ही आडनावांसह. भावाला नंतर हेलपाटे पडणार नाहीत.

जन्मदाखल्यातली कोरी जागा मात्र वेगळी. तिला चूक म्हणता येणार नाही, तिथे काम अर्धवट राहिलंय. बारसं व्हायच्या आधी नोंद झाली आणि नाव सांगायला परत कुणी गेलंच नाही. त्या काळातले असे दाखले घराघरांत आहेत. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात कलम १४ खाली नाव मागाहून घालता येतं. त्याला नोंदीपासून १५ वर्षांची मर्यादा आहे, पण जुन्या नोंदींसाठी मुदतवाढी मिळत आल्या आहेत. वडिलांनी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात एवढंच विचारावं की आज ही सोय चालू आहे का. असेल तर नाव घालायचं ते महादेवी. मानसी नव्हे! मानसी २०१० ची आहे. १९८६ च्या नोंदीत २०१० चं नाव बसवलं की जुळण्याऐवजी नवीनच शंका उभी राहते.

सोय बंद असेल तरी हातपाय गाळू नका. कोऱ्या जागेचा दाखला, त्याच्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि दोन प्रतिज्ञापत्रं, असा संच अमेरिकेत पुरावा म्हणून देता येतो. प्रतिज्ञापत्रं कुणाची, तर ज्यांना तुमच्या जन्माची प्रत्यक्ष माहिती आहे आणि ज्यांचा स्वतःचा तो अर्ज नाही अशांची. त्यात जन्माची तारीख, जागा, आईवडिलांची पूर्ण नावं आणि 'मला हे कसं माहीत' हे आलं पाहिजे. 'मी ओळखतो' एवढ्याने भागत नाही. ज्यांची नोंद मुळात सापडतच नाही, त्यांनी आधी नोंदणी कार्यालयाकडून 'नोंद आढळत नाही' असं लेखी घ्यावं, मग हाच संच. चाळीस वर्षांनी केलेल्या उशिराच्या नोंदीकडे परदेशातले अधिकारी संशयाने बघतात, त्यापेक्षा जुना शाळेचा दाखला त्यांना भरवशाचा वाटतो.

भाषांतराचं एक सांगते, कारण निम्मे घोटाळे तिथे होतात. मराठी दाखल्याला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि 'भाषांतर पूर्ण व अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात' असं भाषांतरकाराने लिहून सही करायची असते. आता देवनागरीत 'सिद्राम' लिहिलंय, त्याचं इंग्रजी स्पेलिंग त्या कागदावर कुठेच नाही. ते भाषांतरकार ठरवतो. एक 'ई' की दोन, शेवटी 'ए' हवा की नको, अशा बाबतीत पासपोर्टातलं स्पेलिंग त्याला आधीच लिहून द्या. त्यात गैर काही नाही. पण गौराबाईचं गौरम्मा करायला सांगू नका, आणि त्याने आपण होऊन केलं तर परत करायला लावा.

अपोस्टिलचं, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याचं, भूतही कुणीतरी तुमच्या मानगुटीवर बसवलेलं दिसतंय. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या करारात आहे आणि परराष्ट्र मंत्रालयाची मूळ फी कागदामागे ५० रुपये. बाकीचे हजारो मधल्या माणसांचे. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला भारतीय जन्मदाखल्यावर अपोस्टिल लागत नाही. दुसऱ्या देशात असलेल्या वाचकांनी आपापल्या देशाचा नियम बघावा, जर्मनीचा तर मुद्दाम, कारण भारताच्या या करारातल्या प्रवेशावर जर्मनीने हरकत घेतली होती.

आता खरी चूक. सगळ्या फाइलीत ती एकच आहे, आणि सोलापुरात नाही, न्यू जर्सीत आहे. धाकटीच्या जन्मदाखल्यावर 'आईचं पहिल्या लग्नाआधीचं नाव' विचारलं होतं, तिथे तुम्ही नवं नाव आणि जुनं आडनाव लिहिलंत. बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फॉर्म पुढे केला की कुणाच्याही हातून होईल. पण ही गोष्ट प्रतिज्ञापत्राने झाकू नका, दुरुस्तच करून घ्या. राज्याच्या जन्मनोंदणी कार्यालयात तुमचं विवाह प्रमाणपत्र, दहावीचं प्रमाणपत्र आणि राजपत्र दाखवून दुरुस्तीचा अर्ज करता येईल. मुलांची ओसीआय कार्डं (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ती) काढायचा विचार आहे म्हणता, तर हे आधी. ओसीआयच्या अर्जात आईवडिलांची नावं मुलाच्या दाखल्याशी ताडून बघतात, आणि भावंडांच्या दाखल्यांवर आई दोन वेगळ्या नावांची दिसली तर अर्ज परत येणं आश्चर्याचं नाही.

पॅन आणि आधार या दोघांवर एकच नाव हवं, तिथे 'उर्फ' चालत नाही. संगणकाला उर्फ कळत नाही. पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज तिथून बसल्या बसल्या होतो. पण कोणत्या नावाकडे जुळवायचं?

इथे तुमच्या त्या शेवटच्या वाक्याशी आले. अकरा ओळी कागदांच्या आणि अर्धी ओळ महादेवीची, असं तुमचं पत्र आहे. मानसी हे नाव तुम्हाला नकोय असं तुम्ही म्हटलेलं नाही, मीही तुमच्या तोंडी घालत नाही. पंधरा वर्षं ते नाव लावून तुम्ही नोकरी केलीत, मुलांच्या शाळेत तुम्ही मानसी आहात. तरी विचारते: सगळं एकसारखं करायचा तुमच्या यजमानांचा बेत ऐकून जी अस्वस्थता आली, ती खर्चाची होती की महादेवी हे नाव शेवटच्या कागदावरूनही जाणार याची?

दुसरं असेल तर दोन वाटा आहेत. आत्ता, अर्ज तोंडावर असताना पासपोर्टावरचं नाव बदलू नका. फाइल मधोमध चिरली जाईल. पुढे कधी तिथलं नागरिकत्व घेतलंत, तर त्या अर्जातच नाव बदलून मागता येतं. तेव्हा महादेवी व्हा, किंवा मधलं नाव म्हणून महादेवी घ्या. एक सांधा वाढेल, सांभाळायला तुम्ही आता शिकलाच आहात. दुसरी वाट फुकट आहे: घरात आणि मैत्रिणींत महादेवी म्हणवून घ्या. त्याला कुठलाच फॉर्म लागत नाही. माझं मत विचाराल तर पॅन सध्या पासपोर्टाप्रमाणे करून टाका आणि नावाचा निकाल ग्रीन कार्ड हातात आल्यावर सावकाश लावा. पण हे मत शाळेतल्या बाईचं, नाव तुमचं.

सोलापुरातून अशी आणखी पत्रं येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. पूर्वभागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी येतं, दहावीच्या प्रमाणपत्रावर तर सगळ्यांचंच आधी येतं. पासपोर्टाचा अर्ज भरणारा ते तसंच उतरवतो आणि आडनाव होतं नाव. छापण्याआधी पडद्यावर दाखवतात तेव्हा चष्मा लावून बघा. आखाताकडे जाणाऱ्यांनी पासपोर्टात 'शेख' आधी की नंतर हे एकदा ठरवून सगळीकडे तेच ठेवावं. नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टावर संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून निर्बंध आणलेत, तेव्हा आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. आणि १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बाळांच्या नावात आता आईचं नाव येतं: बाळ, आई, वडील, आडनाव. मला हा निर्णय मनापासून आवडला. पण थोरल्याचं नाव तीन शब्दांचं आणि धाकट्याचं चार शब्दांचं, अशी भावंडं आता परदेशी जातील. पासपोर्टाच्या पहिल्या अर्जातच नाव दाखल्याबरहुकूम भरा.

वडिलांच्या चकरा थांबवा. त्यांच्याकडे कामं दोनच: महापालिकेत ती एक चौकशी, आणि आपलं व आईचं प्रतिज्ञापत्र. बाकी फेऱ्या भावाला किंवा भाच्याला अधिकारपत्र देऊन करवून घ्या. मिळकतीचं काम असेल आणि तिथून मुखत्यारपत्र पाठवलंत, तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यायचं असतं, हे भावाला सांगून ठेवा. 

आणि मावशी. तुमचा जन्म डोळ्यांनी पाहिलेलं, तुमच्या अर्जाबाहेरचं माणूस म्हणजे ती. तिचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. महापालिकेच्या आधी, पॅनच्या आधी, तिच्या घरी रिक्षा पाठवा.